कमी बोलायचं कसं, आणि कुठं बोलायलाच पाहिजे

गावात कमी बोलण्याचा सल्ला बहुतेक वेळा चुकीच्या माणसाला दिला जातो. नव्या सुनेला देतात, मजुराला देतात, ग्रामसभेत मागं बसलेल्या बाईला देतात. ज्याच्या हातात माईक आहे त्याला कोणी देत नाही. म्हणून आधीच सांगतो, कोणाला गप्प बसवण्यासाठी मी हे लिहीत नाही. ज्यांना बोलायला भरपूर मिळतं त्यांनी शब्द कसे आवरावेत, आणि ज्यांच्या वाट्याला दोनच मिनिटं येतात त्यांनी ती कशी वापरावीत, या दोन्हींसाठी हा लेख आहे.

शहरात माणूस बोलतो आणि निघून जातो. खेड्यात बोललेलं मागं राहतं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ज्याच्याशी तोंडाला तोंड दिलं, त्याच्याच ट्रॅक्टरनं पुढच्या महिन्यात नांगरटी करून घ्यायची असते, त्याच्याच वावरातून पाइप न्यायचा असतो, आणि त्याच्याच घरच्या मयतीला खांदा द्यायला जायचं असतं. पानठेल्यावर सकाळी सहज बोललेली गोष्ट दुपारच्या एसटीनं तालुक्याला जाते आणि संध्याकाळी दोन जास्तीच्या गोष्टी चिकटवून परत येते.

कमी बोलण्याचा नियम कसा असावा, याचा सगळ्यात चांगला नमुना मला आपल्या वर्धा जिल्ह्यात सापडतो. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले. दर सोमवारी त्यांचं मौन असे. काही सांगायचं झालं तर चिठ्ठीवर लिहून देत. २ जून १९४७ ला सोमवारच होता. त्या दिवशी दिल्लीत फाळणीच्या योजनेवर व्हाइसरॉय माउंटबॅटन यांच्याशी भेट होती, आणि गांधीजींनी आपलं म्हणणं वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर लिहून दिलं. त्यात त्यांनी हेही लिहिलं की मौनाचा नियम केला तेव्हा दोन अपवाद ठेवले होते: तातडीच्या बाबीसाठी मोठ्या अधिकाऱ्याशी बोलणं, आणि आजारी माणसाची सेवा.

हे दोन अपवाद आपल्या गावातल्या जगण्याला जसेच्या तसे लागू पडतात. बाकी सगळीकडे शब्द कमी करावेत. हक्काच्या कामासाठी कार्यालयापुढं आणि संकटातल्या माणसापुढं मात्र तोंड उघडलंच पाहिजे. आता एकेक पायरी घेऊ.

पहिली पायरी: आपलं बोलणं कुठं सांडतं ते पाहा

लगेच कमी बोलायला लागू नका. आठवडाभर नुसतं लक्ष ठेवा. रात्री जेवण झालं की पाच मिनिटं बसून आठवायचं: आज कुठं, कोणापुढं, नको ते बोललो? प्रत्येकाची जागा वेगळी असते. कोणाचं तोंड पानठेल्यावर सुटतं, कोणाचं पिठाच्या चक्कीवर, कोणाचं निंदणाच्या रांगेत, कोणाचं मोबाइलवर. काही माणसं दिवसभर शहाण्यासारखी असतात आणि घरी आल्यावर बायकोवर सगळं ओततात. आपली जागा एकदा सापडली की निम्मं काम झालं, कारण चोवीस तास जिभेवर पहारा ठेवणं कोणालाच जमत नाही. त्या एका जागेपुरता ठेवता येतो.

वेळही पाहा. माझा अनुभव असा आहे की बहुतेक वाईट शब्द उपाशीपोटी, उन्हातून आल्यावर, नाहीतर झोप अर्धवट झाल्यावर निघतात. ओलितासाठी रात्रपाळीची वीज असते तेव्हा माणूस रात्रभर वावरात असतो. सकाळी घरी आल्या आल्या पैशाचा किंवा पोराच्या शाळेचा विषय निघाला की भांडण ठरलेलं. घरच्यांनी इतकं ठरवून टाकावं की रात्री ओलित करून आलेल्या माणसाशी झोप होईपर्यंत कोणताही मोठा विषय काढायचा नाही. एवढ्या एका नियमानं कितीतरी घरं शांत होतील.

दुसरी पायरी: पारावर तीन गोष्टी न्यायच्या नाहीत

पारावर बसणं सोडू नका. तिथंच पावसाची, बियाण्याची, भावाची माहिती मिळते, आणि एकटेपणही तिथंच कमी होतं. फक्त तीन गोष्टी घरी ठेवून जा.

एक, दुसऱ्याच्या घरातली गोष्ट. कोणाच्या पोरीचं जमलं नाही, कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या पोराला नोकरीवरून काढलं. हे ऐकू आलं तर ऐका आणि तिथंच सोडा. कोणी विचारलंच, "तुले काही मालूम असन नं?" तर "मले नक्की माहीत नाही" एवढं पुरे. वर "पण मी असं ऐकलं..." जोडू नका.

दोन, आपला पैसा. किती आला, किती देणं आहे, कोणाला उसने दिले. पैसा आल्याचं कळलं की मागणारे येतात, आणि देणं कळलं की कापूस घेणारा भाव पाडतो.

तीन, रागात घेतलेला निर्णय. "यंदा त्याले वावर बटईनं देत नाही", "आता वाटणीच करून टाकतो." हे चारचौघांत बोललं की मागं फिरणं कठीण होतं. दोन दिवसांनी राग उतरतो, पण आता शब्द राखायचा म्हणून माणूस वाटणी करतो. मी पाहिलेल्या बऱ्याच वाटण्यांचं मूळ जमिनीपेक्षा अशा जाहीर बोललेल्या वाक्यात होतं.

तिसरी पायरी: धुऱ्यावर काय बोलायचं

हा भाग सविस्तर घेतो, कारण विदर्भातल्या खेड्यात सगळ्यात महाग शब्द धुऱ्यावर बोलले जातात.

बहुधा असं होतं. मृगाच्या तोंडावर वखरणी सुरू असते. शेजारी धुरा कोरतो, निदान आपल्याला तसं वाटतं. आपण ओरडतो, "काहून, एक तास आत घेतला नं यंदा?" तो म्हणतो, "तूच मागच्या साली घेतला होता." मग आपल्या तोंडून निघतं, "तुया बापानंबी असंच केलं होतं." इथं भांडण बदललं. आता ते एका तासाचं, म्हणजे नांगराच्या एका ओळीचं, राहिलं नाही, वडिलांचं झालं. वडील हयात नसतील तर आणखी वाईट, कारण मेलेल्या बापासाठी कोणीच माघार घेत नाही.

त्याऐवजी असं करा. दिसलं त्या क्षणी धुऱ्यावर जाऊ नका. आधी आपल्या बाजूच्या जुन्या खुणा पाहा: गोटा, बाभळीचं झाड, विहिरीपासूनचं अंतर. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्या दिवशी काहीच बोलू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, दोघंही ताजे असताना, एकटे जा. सोबत पोरगा किंवा भाऊ नको. माणसं वाढली की आवाज वाढतो. आणि एवढंच म्हणा: "काका, यंदा धुरा मले बारीक वाटून राह्यला. तुम्हीबी एकडाव पाहून घ्या. नाही जमलं तं दोघं मिळून मोजणी लावू." मग थांबा. तो चिडून काही बोलला तरी उत्तर देऊ नका. "ठीक हाय, सांजेला सांगा" म्हणून परत या.

या वाक्यांत काय आहे ते नीट पाहा. तुम्ही धुरा कोरला, असा आरोप कुठं नाही. मागच्या साली काय झालं ते नाही. बाप नाही, जात नाही, पोलीस नाही. एक दिसलेली गोष्ट आहे आणि एक तोडगा आहे. समोरचा खरोखर कोरणारा असेल तर त्याला मोजणीचं नाव पुरेसं असतं. नसेल, तर त्याचा अपमान होत नाही.

मोजणीचा अर्ज तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात उपअधीक्षकांकडं करायचा असतो. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, आणि मोजणीनंतर हद्दी दाखवलेला नकाशा, म्हणजे 'क' प्रत, मिळते. ती प्रत हातात आली की धुऱ्यावर बोलायला फार काही उरत नाही.

रस्त्याचा वाद असेल तर तारीख लक्षात ठेवा. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं दाद मागता येते, पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. नवा रस्ता बांधावरून हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३ आहे. कित्येक माणसं हे ६ महिने एकमेकांच्या सात पिढ्या काढण्यात घालवतात आणि मुदत गेल्यावर वकिलाकडं जातात. तोंडाची ताकद कमी लावून ती अर्जाला लावली असती तर पुढच्या खरिपाआधी बैलगाडी गेली असती.

गावात तंटामुक्त समिती चालू असेल तर तिच्याकडंही जाता येतं. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. काही गावांत समिती आजही काम करते, काही गावांत फलकावरच आहे. समितीपुढं बोलताना आपली गोष्ट तीन भागांत सांगा: काय झालं, कधी झालं, तुम्हाला काय हवं. समोरचा माणूस कसा आहे, हे सांगू नका. समितीतल्या लोकांना तो तुमच्याइतकाच माहीत असतो.

शिवीबद्दल दोन शब्द. धुऱ्यावरची शिवी आणि "तुले पाहून घेतो" ही धमकी पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५२ आणि ३५१ खाली नोंदवली जाऊ शकते, आणि मग मूळ तक्रार खरी असूनही तुम्ही आरोपी होता. जातीवरून काढलेल्या शब्दाबद्दल मी कायद्याची भीती घालणार नाही. कायदा आहे आणि तो कडक आहे, पण तो शब्द कायदा नसता तरी बोलण्यासारखा नव्हता. तुमच्या घरात तो रोजच्या बोलण्यात येत असेल तर तिथूनच काढा, कारण रागात तेच तोंडात येतं जे रोज तोंडात असतं.

चौथी पायरी: माल विकताना

कापूस घरात भरून ठेवलेला आहे आणि खेडा खरेदीवाला दारात आला आहे. तो आधी भाव विचारत नाही. "काय म्हणते पाटील, पोरीचं कुठवर आलं? बिमारी कशी हाय आईची?" असं सुरू करतो. ही चौकशी प्रेमाची असेलही, पण तुमच्या उत्तरातून त्याला तुमची निकड कळते. "फी भरायची हाय भाऊ, पंधरा तारीख शेवटची" हे वाक्य तुम्ही बोललात की क्विंटलमागचे पैसे तुम्ही स्वतःच कमी केले.

तब्येत विचारली तर "बरी हाय" म्हणा. मग तीनच प्रश्न: भाव काय, कट्टी (वजनातली कपात) किती आणि कशाची, चुकारा (मालाचे पैसे) कधी आणि कशानं. उत्तर आलं की लगेच हो किंवा नाही म्हणू नका. थोडा वेळ काहीच बोलू नका. शांततेत अवघडून पहिलं बोलतो तो सहसा घसरतो, आणि व्यापाऱ्याला दिवसातून दहा घरं करायची असतात.

हे जमायला हातात माहिती पाहिजे, नुसता धीर पुरत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी कापसाचा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागं ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये होता. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर पूर्ण भाव ८ टक्के ओलाव्यापर्यंत मिळतो, त्यावर प्रत्येक टक्क्याला कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेत नाहीत. हे माहीत असलेला माणूस "ओला हाय कापूस" या शेऱ्यावर वाद घालत बसत नाही. "किती टक्के ओला हाय? मीटर लावा" एवढंच म्हणतो. चार शब्दांत काम होतं, कारण मागं आकडा आहे.

पाचवी पायरी: मोबाइल

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री नऊनंतर काही लिहू नका. हा माझा साधा नियम आहे आणि तो मी सगळ्यांना सांगतो. व्हॉइस मेसेज तर रागात पाठवूच नका. लिहिलेलं निदान एकदा वाचलं जातं. बोललेलं अंगठा उचलताच जातं, आणि त्यात तुमचा आवाज, तुमची चीड, मागं रडणारं पोरगं, सगळं असतं. नंतर डिलीट केलं तरी तोवर ते दुसऱ्या तीन ग्रुपवर गेलेलं असतं.

कोणाला दुखावेल असं काही कळवायचंच असेल तर फोन करा. फोनवर जमत नसेल तर सायकल काढून जा.

सहावी पायरी: थोडे शब्द, पण दुसरा अर्थ निघणार नाही असे

इथं एक अडचण सांगायला पाहिजे, कारण कमी बोलण्याचं कौतुक करणारे ती विसरतात. थोडके शब्द आपोआप स्पष्ट होत नाहीत. उलट, जितके थोडे तितकी दुसऱ्याला त्यात आपला अर्थ भरायला जागा जास्त.

वर्ध्याजवळच्या पवनार आश्रमातलंच उदाहरण घ्या. विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून एक वर्षाचं मौन घेतलं. मधेच, जून १९७५ मध्ये, आणीबाणी लागली. मौनात असतानाच त्यांच्याकडून 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द आले. सरकारनं ते आणीबाणीला विनोबांचा पाठिंबा म्हणून देशभर लावले. मौन सुटल्यावर त्यांनी आचार्यांचं अनुशासन आणि सत्तेचं शासन यांतला फरक मांडला, पण तोवर दोन शब्दांनी आपलं काम केलं होतं. विनोबांना काय म्हणायचं होतं यावर आजही माणसं वाद घालतात. मला त्यातून एवढं दिसतं की आयुष्यभर शब्द तोलणाऱ्या माणसाचेही शब्द सत्तेच्या हाती गेले की तिच्या सोयीचे होतात.

म्हणून महत्त्वाचं काही बोलायच्या आधी एक चाचणी लावा. हेच वाक्य माझं वाईट व्हावं असं वाटणाऱ्या माणसानं बाहेर जाऊन सांगितलं, तर त्याचा काय अर्थ होईल? वाईट अर्थ निघत असेल तर एक वाक्य वाढवा. "मी येणार नाही" याऐवजी "रविवारी ओलिताची पाळी हाय म्हणून मले जमणार नाही, पण वर्गणी देतो." इथं शब्द वाढले आणि तेच बरोबर आहे. "पाहू" हा शब्द तर शक्य तितका टाळा. गावात "पाहू" म्हणजे देणारा नकार समजतो आणि मागणारा होकार.

सातवी पायरी: घरात

पोरांना पाहुण्यांपुढं त्यांच्या मार्कांवरून बोलू नका, आणि "बापासारखाच निघाला" हे वाक्य कोणत्याही कारणानं वापरू नका. सासूनं सुनेच्या स्वयंपाकाबद्दल जेवतानाच्या ताटावर बोलू नये. सांगायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी, सोबत भाजी निवडताना. नवऱ्यानं दोघींच्या मधे निकाल देऊ नये.

घरात कमी बोलणं आणि अबोला यांत गल्लत करू नका. अबोला ही शिक्षा असते. आठ आठ दिवस एका चुलीवर जेवून एकमेकांशी न बोलणारी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, लहान मूल मधे निरोप्या होतं, "आजी, बाबा म्हणते का पाणी तापवून दे." हे मौन नाही. बोलणं थांबवायचं असेल तर सांगून थांबवा: "मले आता राग आला हाय, मी सकाळी बोलतो." आणि सकाळी बोला.

आठवी पायरी: रोजचं थोडं मौन

सरावासाठी दिवसातला अर्धा तास पुष्कळ झाला. वावरात जायची पायवाट उत्तम: मोबाइल खिशात, गाणं बंद, भेटलेल्या माणसाला रामराम आणि पुढं. घरी आधी सांगून ठेवा, नाहीतर रुसलात असं वाटेल. आपल्याकडं बऱ्याच गावांत गुरुदेव सेवा मंडळाचं पहाटेचं सामुदायिक ध्यान आणि सांजेची प्रार्थना असते. तिथं जाऊन बसणं एकट्यानं बसण्यापेक्षा सोपं जातं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीत दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी जी मौन श्रद्धांजली होते, ती एकदा पाहून या. एवढा जनसमुदाय आणि कुठं खाकरण्याचाही आवाज नाही. गर्दीत गप्प राहणं शिकता येतं, याची खात्री पटते.

आता पहिला अपवाद: कार्यालय आणि ग्रामसभा

इथं गप्प बसणं महाग पडतं. पण इथंही लांबण लावू नका. तलाठ्यापुढं बसून वडिलांच्या काळापासूनची हकिकत सुरू केली की तो दुसऱ्या फायलीकडं वळतो. एक वाक्य तयार ठेवून जा: "साहेब, फेरफाराचा अर्ज तीन तारखेला दिला, ही पोच. आज तो कोणत्या टप्प्यावर हाय?" पोच नसेल तर आधी पोच घ्या, तोंडी विनंतीला कार्यालयात तारीख नसते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणं प्रत्येक कार्यालयानं आपल्या सेवा, त्यांची मुदत आणि अपिलाचा अधिकारी फलकावर लावायचा असतो. त्या फलकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. "फलकावर मुदत लिहिलेली हाय, ती होऊन गेली" हे शांत आवाजातलं वाक्य टेबलावर हात आपटण्यापेक्षा जास्त चालतं.

ग्रामसभेत गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल तितकी माणसं लागतात. त्यात तुमचं डोकं मोजलं जातं, तर तुमचं बोलणंही नोंदलं गेलं पाहिजे. तीन वाक्यं घरून लिहून न्या. नमुना देतो: "मी वॉर्ड क्रमांक दोनमधली. आमच्या वस्तीत आठ दिवसांआड पाणी येते. टाकीपासूनचा पाइप कोणत्या महिन्यात बदलणार ते ठरावात लिहा." मग बसा. कोणी मधेच "तुमच्या वेळेस तं..." म्हणून जुनं उकरलं, तर त्यात शिरू नका, तेच तिसरं वाक्य पुन्हा म्हणा. शेवटी प्रोसिडिंगमध्ये काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा. बायांनो, ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती झाली नसेल तर पहिला प्रश्न तोच विचारा.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाची रीत शिकण्यासारखी आहे. तिथं ग्रामसभेचा निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो, आणि त्याआधी अभ्यासगटात विषयाची चर्चा झालेली असते. म्हणजे लांब बोलण्याची जागा वेगळी आणि ठरवण्याची वेगळी. एकाची हरकत असली तरी ती थांबून ऐकावी लागते, म्हणून ओरडायची गरजच राहत नाही. याच गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. तुमच्या गावात सर्वसहमती लगेच येणार नाही. पण सभेच्या दोन दिवस आधी आपल्या गल्लीतल्या दहा जणांनी ओसरीवर बसून एकच मागणी ठरवणं उद्यापासून करता येईल.

दुसरा अपवाद: संकटातला माणूस

मयतीच्या घरी शब्द कमीच हवेत. विशेषतः शेतकऱ्यानं स्वतःचा जीव दिला असेल त्या घरी "किती कर्ज होतं?", "तुम्हाले काहीच कसं नाही समजलं?", "लेकराचा तरी विचार करायचा" असं काहीही बोलू नका. त्या बाईनं हे प्रश्न स्वतःला आधीच विचारून झालेले असतात. जाऊन बसा. गेलेल्या माणसाची एखादी चांगली आठवण असेल तर ती सांगा. गोठ्यातल्या ढोरांना कुटार टाका, पोरांना आंघोळीला न्या, तहसीलचे कागद जमवायला मदत करा. तेरवीपर्यंत घरात माणसं असतात. खरी गरज तेरवीनंतर असते. तेव्हा जा आणि महिन्यानंही जा.

पण जिवंत माणूस बुडताना दिसत असेल, तर तिथं "आपल्याले काय करायचं" म्हणून गप्प राहू नका. जो रोज पारावर यायचा तो येणं सोडतो. जेवण तोडतो. "मी नसलो तं तुमचं बरं होईन" असं बोलतो. उधारी एकाएकी निपटवतो, आवडती बैलजोडी विकायला काढतो. असं दिसलं तर एकटं गाठा, वावरात किंवा ओसरीवर, जिथं तिसरं कोणी नाही. आणि सरळ विचारा: "भाऊ, जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येते का तुमच्या मनात?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसतो, ही समजूत खरी नाही. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो.

विचारल्यावर मात्र तुम्ही थांबा. उपदेश नको, "असं बोलू नये" नको, दुसऱ्याचं उदाहरण नको. तो बोलेल तेवढं ऐका, मधे फक्त "मंग?" म्हणा. उत्तर हो असेल तर त्याला त्या दिवशी एकटं सोडू नका. त्याच्या विश्वासातल्या एका माणसाला सांगा आणि हेही त्याला सांगूनच करा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलतात. तुमच्याच फोनवरून लावून त्याच्या हातात द्या. दुसऱ्या दिवशी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात सोबत जा. आणि त्याच दिवशी, घरच्यांना घेऊन, फवारणीचं औषध घरातून आणि गोठ्यातून काढा, पेटीत कुलूप लावून ठेवा आणि किल्ली दुसऱ्याच्या घरी द्या.